करवतीची खालची बाजू

चांगुणा,

गेले सहा दिवस मला झोप लागते. दुपारीसुद्धा लागते. तुझी जाऊ पारू काल दारात उभी राहून म्हणाली, "भावोजी, बायकोला जाऊन महिना नाय झाला, आन घोरताय कसले?" मी म्हटलं, "तू तुझ्या रंगीत टीव्हीपुढं बस जा." गेली फणकारत. तिला काय सांगणार? हे सांगायचं तर तुलाच, म्हणून वही घेऊन बसलोय. मी चौथी शिकलेला, तू शाळेच्या पायरीलाही न गेलेली. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा चुका सापडायची भीती नाही.

सरळच सांगतो. मला वाटत होतं, मी तुझा नवस मोडला. तू जायच्या तीन दिवस आधी, माझ्या हातानं शिजवून, मी तुला पांढरी कोळंबी खाऊ घातली. जी तू तीस वर्षं जिभेला लावली नव्हतीस, ती.

तू गेलीस त्या सकाळी मी रडलो, पण आत कुठंतरी हुश्श झालं होतं. खोटं कशाला बोलू? तुझ्या पोटात पाणी व्हायचं. इस्पितळात सुई घालून काढायचे आणि आठ दिवसांत पोट पुन्हा माठासारखं. रात्रंदिवस कण्हायचीस. शेवटी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "घरी न्या आजीला, मागेल ते खायला द्या." तू गेलीस तेव्हा तू सुटलीस आणि मीही सुटलो. दहाव्याला किनाऱ्यावर पिंड ठेवला, तर मी हात जोडायच्या आत कावळा येऊन बसला. लोक म्हणाले, बाई तृप्त गेली. मला बरं वाटलं. आणि मग बाराव्याला पारूनं तोंड उघडलं.

पण त्याआधीचं आधी.

त्या नवसावरून आपण आयुष्यभर भांडलो. मी तुला करायला सांगितला नव्हता, हे मी तुला शंभरदा ऐकवलं असेल. तेव्हा होड्या शिडाच्या होत्या. वाऱ्यानं आमची डोलकाठी मोडली आणि आम्ही सातजण चार दिवस पाण्याबरोबर वाहत गेलो. डहाणूच्या पुढं किनाऱ्याला लागलो. इकडं वेसाव्यात बायका छाती बडवत होत्या. कुणी गावदेवीला बोकड बोललं, कुणी चांदीचा डोळा. तुझ्याकडं काय होतं? कुशीत रेखा, गळ्यात काळी पोत. तू देवीपुढं जाऊन म्हणालीस, "माजा धनी परत आन. मी जीव हाय तवर पांढरी कोलंबी खानार नाय."

घरी आल्यावर मला कळलं तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, "बाकीच्यांचे नवरे बोकडाला आले आणि मी कोळंबीला?"

तू म्हणालीस, "बोकड एकदा कापला की झाला. हा रोज कापायचाय."

मला तेव्हा समजलं नाही. खाण्यात तुला दुसरं काही आवडतच नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नव्या नवरीनं लाजायचं सोडून तू एकटीनं पांढरीचं अख्खं कालवण संपवलं होतंस, माझ्या आईनं ते मरेपर्यंत लोकांना सांगितलं. आणि तीच सोडलीस. वर धंदा कोळंबीचा. अंधेरीच्या बाजारात रोज सकाळी तुझ्यापुढं पांढरीचा ढीग, काचेसारखी चकचकीत, आणि तू गिऱ्हाइकांना सांगत असायचीस, "घे गं बाय, साखर हाय साखर." मी म्हणायचो, साखर विकते आणि स्वतः मिठावर जगते.

एक मात्र होतं. नवस फक्त पांढरीचा होता, कोळंबीच्या बाकीच्या जातींचा नाही. चैती तू खायचीस, करंदी खायचीस, जवळा खायचीस. "देवीला मी नाव घेऊन सांगितलंय," म्हणायचीस, "सगल्या कोलंबीचा ठेका नाय घेतला." आणि मी तिथंच तुला डिवचायचो. चांगली वाढलेली चैती आणि अंगानं कमी असलेली पांढरी एका टोपलीत टाकली तर कुणाला ओळखू येते? शिजल्यावर तर दोन्ही लाल. आम्ही पुरुष जाळं ओढणार, खोल समुद्र कुठला ते सांगणार, पण होडीवर आमच्या तोंडी एकच शब्द, कोळंबी. तिची जात लावायची ती बायकांनी, बंदरावर. मी तांडेल झालो, दहा माणसं माझ्या शब्दावर होडी हाकायची, तरी मला दोघींतला फरक सांगता येत नव्हता. येत नव्हता म्हणून तो नाहीच, असं मी छातीठोक बोलायचो.

तो मूर्खपणा आठवतो? रेखा चार-पाच वर्षांची असेल. मी गंमत म्हणून चैतीच्या टोपलीत मूठभर पांढऱ्या घातल्या आणि म्हटलं, आज चैती आणलीय, कर कालवण. तू निवडायला बसलीस. तोंडानं पारूशी गप्पा आणि हात आपले चालू. एकेक उचलायची, डोक्यावरच्या त्या दातेरी काट्याच्या, करवतीच्या, खालून अंगठ्याचं नख फिरवायचं आणि पुढं टाकायची. अचानक गप्पा थांबल्या. एक बाजूला काढलीस. मग दुसरी. मग माझ्याकडं पाहिलंस. मी हसू दाबत होतो.

"ह्या कोनी घातल्या?"

मी म्हटलं, "असतील आल्या जाळ्यात. देवीला काय कळतंय, कुठली चैती आणि कुठली पांढरी?"

"देवीला नाय कलत आसंल," तू म्हणालीस, "मना कलतंय."

मग माझा हात खेचलास आणि अंगठा धरून एका कोळंबीच्या करवतीवरून फिरवलास. "वरतून दात सगल्यांनाच आसतात. वरती बगून उपेग नाय. खाली बगायचं. हिला खाली काय हाय?" खाली गुळगुळीत. "ही चैती. आता ही." खाली बारीक चार-पाच दात टोचले. "ही पांढरी. आन हात फिरव अंगावरून. चैतीला बारीक लव आसते, खरखरते. पांढरी काच. आंधल्याला पन कलंल. डोले आसून तुमाला कलत नाय."

त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. जेवण वाढायचीस आणि पाठ फिरवायचीस. मी माफी मागितली नाही. गंमत केली तर एवढं काय, असं म्हणत राहिलो. ते भांडण तसंच राहिलं. वरून मिटलं, आतून नाही. मी नंतर कधी तसं केलं नाही, पण चुकलं माझं, असंही कधी म्हणालो नाही. आज म्हणतो. उशीर झाला, पण म्हणतो.

पुढं तुझे डोळे गेले. मोतीबिंदू पिकला होता, पण "डोल्यात सुरी घालू देनार नाय" म्हणून तू अडून बसलीस. तरी बाजार सुटला नाही. कंपन्यांचे ट्रक बंदरावर येऊन पांढरी उचलायला लागले तेव्हा कंपनीची माणसंसुद्धा तुला बोलवायची. तू टोपलीत हात घालून सांगायचीस, यात चैती मिसळलीय. आणि ती निघायची. मी बाजूला जाळं शिवत बसलेला असायचो. मला अभिमान वाटायचा. ते मात्र मी तोंडावर येऊ देत नव्हतो. म्हणायचो, "झालं? आता घरी जाऊन भात टाक."

आता त्या दिवसाचं.

घरी आणल्यावर तू पेज सोडून काही घेत नव्हतीस. दोन घोट, की तोंड फिरवायचीस. त्या सकाळी मात्र आपणहून हाक मारलीस. "अवो, कोलंबीचं कालवन खावंसं वाटतंय."

मी म्हटलं, "पारूला सांगतो."

"पारू चिच जास्त घालते. तुमी करा."

मी आयुष्यात घरात चूल पेटवली नव्हती. होडीवर केलं असेल तेवढंच. पण डॉक्टरनं सांगितलं होतं, मागेल ते द्या. मी बंदरावर धावलो. एक नवीनच लग्न होऊन आलेली पोरगी वाटे लावून बसली होती. मी म्हटलं, "चैती दे."

"चैतीच हाय, काका."

"नक्की ना?"

"मग काय खोटं सांगते? नेवा."

अकरा होत्या. चांगल्या मोठ्या. मी बघितल्या, पण वरूनच. डोक्यात तुझं एवढंच होतं की तू मागितलंस. खाली नख फिरवायचं आठवलंदेखील नाही. तीस वर्षं तू घरात हेच करत होतीस आणि मला आठवलं नाही.

घरी येऊन धुतल्या, हळद-मीठ लावलं, तुझा तिखटाचा डबा उघडला, आणि होडीवर टाकतो तशा अख्ख्याच टाकल्या रश्शात. डोकी तशीच, करवती तशाच. बाईमाणूस आधी करवत छाटतं, हे मी रोज बघत होतो, पण हातानं कधी केलं नव्हतं. भात कालवून ताट तुझ्यापुढं ठेवलं. तुला पाठीला उशी देऊन बसवलं. माझ्यासाठी नुसता रस्सा भरपूर होता.

तू भातात बोटं घातलीस आणि लगेच काढलीस. "आयो! करवत ठेवून शिजवलीव?"

"टोचली काय?"

"तांडेल म्हनं! पोराहो, बगा रं, तांडेलाला कोलंबी साफ करता येत नाय." खोलीत कुणी नव्हतं, तरी पोराहो म्हणालीस. आणि हसलीस. पोट दुखत होतं, तरी हसलीस. तुझं हसणं मी ऐकलं ते शेवटचं.

मग सावकाश जेवलीस. एकेक कोळंबी बोटांत घेऊन फिरवायचीस, मग तोंडात. मला वाटलं, टोचेल म्हणून जपून खाते. तोंडात दात नव्हते, म्हणून डोकी नुसती चोखून ताटात ठेवायचीस. सात खाल्ल्यास. मी मोजत होतो, कारण किती दिवसांनी तुझ्या पोटात काही जात होतं. चार मात्र ताटाच्या कडेला सारून ठेवल्यास.

"मना पुरे. ह्या तुमी खावा."

मला राग आला. म्हटलं, "सात गेल्या आणि चार जड झाल्या? सकाळपासून मी चुलीपुढं मेलोय. खा गपचूप."

"जड नाय झाल्या."

"मग?"

"तुमच्या वाट्याच्या हायत त्या."

"माझ्या कसल्या वाट्याच्या? तुझ्यासाठी आणल्यात."

तू उशीवर मान टाकलीस आणि डोळे मिटलेस. मी रागारागात त्या चारही खाल्ल्या, डोकीसुद्धा कचाकचा चावून, रस ओढून ताटात टाकली. टरफलं, डोकी सगळी धुतली आणि तुझ्या रीतीप्रमाणं सुपात पसरून पडवीच्या पत्र्यावर वाळत ठेवली, कोंबड्यांना कुटून घालायला. कावळे नेतील म्हणून वर जाळ्याचा तुकडा घातला. तिसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस.

बाराव्याला घर बायकांनी भरलं होतं. कुणी तरी म्हणालं, शेवटी शेवटी काही खाल्लं का हो? मी सांगितलं, कोळंबी खाल्ली, चैतीचं कालवण. मोठ्या समाधानानं सांगितलं.

पारू म्हणाली, "कंच्या दिवशी?"

मी वार सांगितला.

"त्या दिवशी बंदराला चैती कुटं होती? सगली पांढरी आलती. दोन ट्रक भरून गेले. माजी सोताची टोपली होती ना." मग तिलाच कळलं आपण काय बोललो. पदर तोंडाला लावला. "म्हंजे... आसंल थोडी कुटंतरी." बायकांनी माझ्याकडं बघितलं आणि मग सगळ्या एकदम दुसरंच काही बोलायला लागल्या.

पारूवर मी चिडलो नाही. ती खोटं बोलत नाही, फक्त थांबत नाही. पण त्या दिवसापासून माझी वाट लागली. त्या पोरीनं मला पांढरीच दिली. नवीन होती, तिला काय कळतंय? आणि मला तरी काय कळतंय? देवीनं मला चार दिवसांच्या पाण्यातून परत दिलं आणि तू तिच्याशी केलेला सौदा मी शेवटच्या तीन दिवसांत मोडला. तू तीस वर्षं ढिगापुढं बसून तोंड बंद ठेवलंस, आणि मी डोळे गेलेल्या, मरायला टेकलेल्या बाईला फसवलं. एकदा गंमत म्हणून फसवलं होतं, तेव्हा आठ दिवस बोलली नाहीस. आता तर बोलणारच नव्हतीस.

कावळा पिंडाला शिवला होता, हे मी स्वतःला सांगून बघितलं. पण कावळ्याला काय कळतंय चैती आणि पांढरी?

अकरा दिवस असे काढले. गावदेवीच्या देवळावरून जायचं टाळून मागच्या बोळातून बंदरावर जायचो. जाळं शिवायला बसायचो तर गाठी चुकायच्या. पोरं म्हणायची, "तांडेल म्हातारे झाले." झालोच होतो.

बाराव्यालाच रेखा तुझ्या कोंबड्या घेऊन मनोरीला सासरी गेली होती. इथं कोण बघणार त्यांना? त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी होडीनं खाडी ओलांडून, मार्व्यावरून ती परत आली, मला बघायला. आल्या आल्या विचारलं, "बाबा, आईचं ते कोंबड्यांचं सूप कुठंय? वाळलेली टरफलं असतील तर नेते."

मी उठलोच. पडवीत स्टूल ठेवलं आणि पत्र्यावर हात घातला. रेखा ओरडली, "पडाल! काय करताय?" सूप तसंच होतं. जाळ्याचा तुकडा वर, दोन दगड कडेला, मी ठेवले तसे. आत टरफलं उन्हानं कडक, कागदासारखी. आणि डोकी. करवतींसकट.

मी ओट्यावर उन्हात बसलो. चष्मा लावला, पण चष्म्यावर माझा भरवसा नव्हता. तू शिकवलंस तसंच करायचं ठरवलं. एक डोकं उचललं आणि करवतीच्या खालून अंगठ्याचं नख फिरवलं. माझा अंगठा जाळ्याच्या दोऱ्यानं निबर झालाय, पण नखाला कळलं. गुळगुळीत. वर दात, खाली काही नाही.

चैती.

दुसरं, गुळगुळीत. तिसरं, गुळगुळीत. रेखा समोर येऊन बसली. "बाबा, काय करताय तरी काय?" मी म्हटलं, "गप्प बस."

चौथं उचललं आणि नख अडकलं.

पुन्हा फिरवलं. खाली दात. बारीक, चार-पाच, तू दाखवलेस तसेच. ते बाजूला ठेवलं. पुढचं गुळगुळीत. त्याच्या पुढच्याला दात. सगळी अकरा डोकी मी अशी लावली. एकीकडं सात, एकीकडं चार. त्या पोरीचा वाटा भेसळीचा निघाला. पारू अर्धी खरी होती आणि ती पोरगीही अर्धी-मुर्धी खरी होती. मी मात्र पुरता खोटा. चार पांढऱ्या माझ्या हातून तुझ्या ताटात गेल्या होत्या.

रेखा म्हणाली, "बाबा, ही चार अशी का चेचलीत?"

"काय?"

"ही बघा. सात अख्खी आहेत. ह्या चारांचा चुरा झालाय."

मी बघितलं. सात डोकी अख्खी होती, नुसती चोखलेली, डोळ्यांच्या खोबण्यासुद्धा शाबूत. आणि चार चावलेली, दाढेखाली दाबून मोडलेली, करवत तेवढी शाबूत. तुझ्या तोंडात दात नव्हते, चांगुणा. दाढा माझ्या.

म्हणजे त्या चार मी खाल्ल्या. त्याच चार. तू ताटाच्या कडेला सारलेल्या.

मग मला सगळं दिसलं. तू बोटांत फिरवत होतीस ते काटा टोचेल म्हणून नाही. मी मूर्खानं करवती ठेवल्या होत्या, म्हणून तुला नख फिरवता आलं. रीतीप्रमाणं छाटल्या असत्या तर शिजलेल्या कोळंबीत कदाचित तुलाही कळलं नसतं. पोट फुगलेलं, डोळ्यांपुढं अंधार, तीन दिवसांचं आयुष्य उरलेलं, आणि तुझा अंगठा बाजारात बसल्यासारखा आपलं काम करत होता. ही चैती, ही चैती, ही पांढरी, बाजूला. आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस. मी चुलीपुढं मेलो होतो ना, म्हणून. कारण मी चिडलो असतो, किंवा रडलो असतो. तू फक्त एवढंच म्हणालीस, तुमच्या वाट्याच्या हायत.

आणि मी तुझ्यावर खेकसलो.

मी ओट्यावर बसून हसायला लागलो. रेखाला वाटलं, बाबा गेले कामातून. मग रडायला आलं, आणि मग पुन्हा हसू. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई लय डांबिस होती." म्हटलं, "होती." त्या दिवशी मी जेवून जो झोपलो, तो दिवेलागणीला उठलो. दुसऱ्या दिवशी गावदेवीच्या समोरून गेलो. नारळ फोडला. काही मागितलं नाही.

तुमच्या वाट्याच्या. हे मी सहा दिवस घोळवतोय. तीस वर्षं जेवढी पांढरी ह्या घरात शिजली, तेवढी मी आणि रेखानं खाल्ली. शिजवलीस तू, चाखली नाहीस. मीठ बरोबर आहे की नाही हे वासावर ओळखायचीस. मी मिटक्या मारत म्हणायचो, "तुझ्यासारखी वेडी बाई बघितली नाही." एकदा तरी म्हणायला हवं होतं की माझ्यासाठी सोडलीस, मला ठाऊक आहे. बायकोला असं काही म्हणायचं असतं हे मला कुणी शिकवलं नाही. आणि तू तरी कुठं ऐकून घेतलं असतंस? म्हणाली असतीस, "काय खाल्लाव काय आज?"

आज तुझा महिना आहे. रेखा काल संध्याकाळीच आली. पान वाढायचं आहे. सकाळी पारू, ती आणि मी ओट्यावर बसलो आणि पानावर काय काय ठेवायचं ते बोललो. पारू म्हणाली, "चैतीचं कालवन कर. तिला ती चालायची."

मी म्हटलं, "पांढरी ठेवायची."

पारू ताडकन उठली. "भावोजी, डोस्कं फिरलं काय? तिचा नवस हाय."

"होता. ती काय बोलली होती देवीला? जीव हाय तवर. तू होतीस ना तिथं?"

"व्हती."

"मग? जीव गेला. नवस फिटला. पुरा फिटला, एक दाणाही कमी नाही. ह्या घरात मलाच ठाऊक आहे कसा फिटला ते."

मग मी तिलाही ती सात आणि चार डोकी दाखवली. जपून ठेवलीत मी, डब्यात. तिनं एकेक हातात घेऊन नख फिरवलं, चावलेली बघितली, अख्खी बघितली आणि खाली बसली. "आयशप्पत," म्हणाली. मग डोळे पुसले. "मी बाराव्याला उगाच तोंड उघडलं."

"बरं केलंस," मी म्हटलं. "नाहीतर मी हे बघितलंच नसतं."

मग बंदरावर गेलो, एकटा. पारू येत होती, मी नको म्हटलं. टोपल्यांपुढं बसलो आणि एकेक उचलून खालून नख फिरवायला लागलो. बायका हसायला लागल्या.

"तांडेल, कोलंबी घेताय का सून बगताय?"

"कोळंबी परवडली," मी म्हटलं, "सून चुकली तर बदलता येत नाही, ही येते."

"चांगुणामावशीचा हात लागलाय तुमाला."

"तिचाच आहे," मी म्हटलं.

ती नवीन लग्न झालेली पोरगीही तिथं होती. मला बघून घाबरली, तिला पारू काही बोलली असणार. मी तिच्याकडं गेलो, तिचा अंगठा धरला आणि दाखवलं, खाली बघायचं. तिला दोन वेळा चुकलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. अंगावरची लव मात्र तिला पहिल्याच फटक्यात कळली. मला ती अजून कळत नाही.

आता रेखाचं कालवण झालंय. वास इथवर येतोय. मी तिला सांगितलं, चिंच बेताची. पान मांडलंय, तिनं हाकही मारली दोनदा.

तुझं म्हणणं काय असेल ते मला माहीत आहे. म्हणशील, नवस फिटला की नाही हे ठरवनारे तुमी कोन? भांडशील. जीव गेल्यावरही भांडशील. भांड. मी ऐकून घेईन, ह्या खेपेला पाठ फिरवणार नाही.

पण आधी जेव. सगळ्या पांढऱ्या आहेत, मी एकेक बघून घेतली आहे. आज कडेला काही सारू नकोस. माझ्या वाट्याचं मी खूप खाल्लं.

चल, उठतो. पान निवतंय.